पट्टा घरीच होता

सर्वप्रथम मी मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसणाऱ्या आणि चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ धरणाऱ्या त्या गृहस्थांचे मनःपूर्वक आभार मानतो. त्यांनी एकाच दुपारी माझ्या बायकोला तीन वेळा आणि मला चार वेळा जिना चढायला लावला. त्या दिवशी त्यांनी जरा सौजन्य दाखवलं असतं, तर हे लिहायला मी आज बसलो नसतो, किंवा फार वेगळ्या मनाने बसलो असतो.

आभार मानायची मला सवय आहे. तेहतीस वर्षं मी एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली आणि समारंभ कुठलाही असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे असायचं. माझ्या वक्तृत्वाचा त्यात काही भाग नव्हता. आभार सुरू झाले की लोक उठून चपला शोधू लागतात, त्यामुळे त्या जागी कोणीही चालतो. पण मी ते काम जीव लावून करायचो. पाहुण्यांपासून माईकवाल्यापर्यंत एक माणूस सुटू द्यायचो नाही. माझ्या स्वतःच्या निरोप समारंभात मी बेचाळीस जणांचे आभार मानले, त्यात दालनातला पंखा दुरुस्त करणारासुद्धा होता. बायको नव्हती. हे मला घरी आल्यावर जिन्यात आठवलं. ती काही बोलली नाही, म्हणून मीही काही बोललो नाही.

तर मुद्दा पट्ट्याचा. मला रक्तदाबाची एक गोळी आहे आणि ती चालू ठेवायची की नाही हे विचारायला मी दर तीन महिन्यांनी इस्पितळात जातो. या खेपेला तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांचं संशोधन चालू होतं. साठीच्या पुढच्या माणसांच्या मनगटावर एक पट्टा बांधायचा, तो नाडीचे ठोके आणि पावलं मोजणार, मोबाईलमधून ते आकडे इस्पितळात जाणार आणि मोबाईल रोज सकाळी विचारणार, आज तुम्हाला कसं वाटतंय. उत्तर एक ते दहामध्ये द्यायचं. सहा महिने.

"याचा फायदा काय?" मी विचारलं.

"काका, आजवर उपचार आमच्या सोयीने व्हायचे. आम्हाला बघायचंय की रुग्णाला मध्यभागी ठेवलं तर काय होतं."

मला मध्यभागी ठेवण्याचा प्रस्ताव आयुष्यात प्रथमच आला होता. कचेरीच्या समूह छायाचित्रांत मी नेहमी टोकाला असतो. एकात तर माझा फक्त कोपर आहे. मी ताबडतोब होकार दिला.

संमतीपत्र अठरा पानांचं होतं. बाकीचे लोक शेवटचं पान उघडून सही करत होते. मी पहिल्या पानापासून वाचायला बसलो. सव्वा तासाने डॉक्टरीणबाईंनी डोकावून विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" मी त्यांना पान सात आणि पान अकरा यांतली तफावत दाखवली. त्यांनी आभार मानले. कलम नऊ मी दोनदा वाचलं. त्यात म्हटलं होतं की पट्टा सहभागी व्यक्तीनेच वापरावा, इतर कोणालाही देऊ नये. त्याखाली मी पूर्ण सही केली. हे कलम नऊ लक्षात ठेवावं.

पट्टा घरी आला आणि मोबाईलमध्ये एक गोल चेहरा आला. दिवसभरात पाच हजार पावलं झाली की चेहरा हिरवा होऊन हसायचा. कमी पडली की पिवळा व्हायचा आणि खाली लिहून यायचं, 'आज थोडं कमी पडलं. उद्या पुन्हा प्रयत्न करू या.' पहिले नऊ दिवस तो पिवळाच होता. माझी रोजची पावलं दीड हजाराच्या घरात होती. ही माझ्या मते भरपूर होती, कारण घर दोन खोल्यांचं आहे. पण तेहतीस वर्षांत ज्याच्या गोपनीय अहवालावर एकही प्रतिकूल शेरा नाही, त्याला एका पिवळ्या गोळ्याने रोज 'कमी पडलं' म्हणावं, हे मला लागलं. मी मोबाईल पालथा घालून ठेवू लागलो. एकदोनदा त्या चेहऱ्याला चार शब्द सुनावलेही.

"अहो, यंत्र आहे ते," बायको म्हणाली.

"यंत्र असलं म्हणून काय झालं? बोलायची एक पद्धत असते."

"मग चालत जा ना जरा सकाळी माझ्याबरोबर."

ती रोज सकाळी पावणेसहाला फिरायला जाते. मी आठला उठतो. या वेळापत्रकात बदल करण्यासारखं काही कारण मला दिसलं नाही.

आणि दहाव्या दिवशी चेहरा हिरवा झाला. पाच हजार दोनशे पावलं. अकराव्या दिवशी साडेपाच हजार. मी अजिबात चकित झालो नाही. मनाचा निर्धार झाला की शरीर मागून येतं, हा सिद्धांत मी त्या आठवड्यात इमारतीतल्या बऱ्याच जणांना समजावून सांगितला. शिवाय गॅलरीपर्यंत जाऊन परत येताना मी आता हात जरा जोरात हलवू लागलो होतो, त्याचाही हिशेब पट्टा धरत असावा. सकाळच्या प्रश्नाला मी पहिल्या दिवसापासून दहा उत्तर देत होतो. कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं असतं, एवढं तर आपल्याला शिकवलेलं आहे.

आता शेजारी. आमच्या वर मापसाहेब राहतात. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि जगातलं कुठलंही मोजमाप खरं आहे यावर त्यांचा विश्वास नाही. दूधवाल्याचं माप, लिफ्टमधला वजनाचा फलक, दवाखान्यातला ताप, सगळ्यात त्यांना खोट दिसते. पट्टा पाहताच ते म्हणाले, "प्रमाणित केलाय का?"

"इस्पितळाचा आहे."

"म्हणजे नाही. द्या एक दिवस. मी तपासतो."

कलम नऊ माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण मापसाहेब वयाने मोठे, वरच्या मजल्यावरचे, आणि माझ्या गुडघ्याच्या वेळी त्यांनी मला महिनाभर गरम पाण्याची पिशवी दिलेली. नाही म्हणणं जिवावर आलं. मग मी माझ्या सद्सद्विवेकबुद्धीला पटेल असा मार्ग काढला. मी एक शंभर पानी वही घेतली, रकाने आखले आणि पट्ट्याचं आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. दिनांक, जावक वेळ, कोणाकडे, कारण, आवक वेळ, शेरा, सही. माझा अनुभव असा आहे की नियम मोडला तरी नोंद चोख असली की माणसाला शांत झोप लागते. आम्ही रेकॉर्डवाले एवढंच पाळतो. नोंद गाळायची नाही आणि आगाऊ तारीख टाकायची नाही. आमच्याकडे एकाने सोमवारची तारीख शनिवारीच टाकली होती, त्याची बदली झाली.

मापसाहेबांनी पट्टा त्याच संध्याकाळी परत केला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्र मिनिटाला दोन ठोके जास्त दाखवते. तक्रार करावी.' मग तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी मागितला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आपल्या नाडीचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. एकशे अठरा झाली. त्यांनी शेऱ्यात 'बाही आखूड' एवढंच लिहून सही केली. मापसाहेबांनी फेरतपासणीसाठी पुन्हा दोनदा नेला. तीन महिन्यांत अशा सात नोंदी झाल्या. सगळ्या सह्यांनिशी, आणि प्रत्येक वेळी पट्टा संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत.

शंभराव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. डॉक्टरीणबाईंचा आवाज नको तितका शांत होता.

"काका, घाबरू नका. तुमच्या पट्ट्यावर काही दिवस ठोके अनियमित दिसतायत. उद्या येऊन जाल का?"

घाबरू नका म्हटल्याबरोबर मी घाबरलो. बायकोने पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात माझ्याबरोबर आली. येताना जिन्यात ती मध्येच थांबली, पण मी पुढे होतो आणि माझ्या काळजीत होतो.

त्या आठवड्यात माझ्या हृदयाची जेवढी विचारपूस झाली तेवढी त्याआधी कधी झाली नसेल. रक्त घेतलं, छातीवर थंड जेली लावून आतलं चित्र पाहिलं, धावत्या पट्ट्यावर चालवलं. माझ्या वयाच्या माणसाला एका जागी इतका वेळ चालवून कुठेही पोचवत नाहीत, हे मला खटकलं. शेवटी छातीला तारा चिकटवून एक डबी कमरेला बांधली. ती चोवीस तास ठोके लिहून घेणार होती. डबीसकट घरी आलो तर इमारत जमलेली. मापसाहेबांनी डबी प्रमाणित आहे का विचारलं. शिंपीदादांनी ती दिसू नये म्हणून सदरा दोन बोटं सैल करून देतो म्हणून सांगितलं. आणखी कोणी डावीकडे झोपू नका म्हणालं, कोणी उजवीकडे. मी पलंगावर मध्यभागी बसून सगळ्यांचं ऐकून घेत होतो. खोटं कशाला बोलू, भीतीच्या खालोखाल मला जरा बरंही वाटत होतं. बायको सगळ्यांना चहा देत होती.

डबी परत केल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकट्यालाच बोलावलं. टेबलावर दोन कागद होते.

"काका, हे तुमच्या छातीचं. परवा सकाळी सहा वाजता. अगदी नियमित, संथ. तुम्ही गाढ झोपलेले आहात."

"बरोबर. मी आठला उठतो."

"आणि हे पट्ट्याचं. तोच दिवस, तीच वेळ. ठोके अनियमित आहेत आणि पावलं पडतायत. म्हणजे सकाळी सहाला तुमची छाती अंथरुणात होती आणि तुमचं मनगट बाहेर फिरत होतं."

मी दोन्ही कागदांवरच्या तारखा ताडून पाहिल्या.

"पट्टा दुसरं कोणी वापरतं का काका?"

तेहतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "प्रकरण तपासून कळवतो."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "मी रागावत नाहीये. पण ज्याचं कोणाचं हे हृदय आहे त्याला बहुतेक ठाऊकच नाही. असे ठोके पडतात तेव्हा आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर माणसाचं अर्धं अंग जातं, वाचा जाते. कधी माणूसच जातो. गोळी सुरू केली की हे बहुतेक टळतं. पण गोळी द्यायला माणूस सापडायला हवा. लवकर. आधी घरी विचारा."

आधी घरी विचारा, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. मी मात्र आधी इमारतीत विचारलं.

कारण मला खात्री होती की हे मापसाहेब आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, जिना चढताना धाप, आणि पट्ट्यावर डोळा. त्यांच्याकडे आमची एक किल्ली असते. यंत्र गुपचूप तपासायला त्यांनी पहाटे पट्टा नेला नसेल कशावरून? मी त्यांना आणि शिंपीदादांना संध्याकाळी घरी बोलावलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं की माझ्या नकळत पट्टा कोणी नेत होतं का. मापसाहेबांचा चेहरा पिवळा झाला, मोबाईलमध्ये व्हायचा तसाच.

"म्हणजे मी चोर?"

"चोर नाही. मी तुमच्या हृदयाच्या दृष्टीने विचारतोय."

"माझ्या हृदयाची मापं माझ्याकडे आहेत. दर महिन्याची. मी सकाळी सहाला प्राणायाम करतो, खिडकीतून शिंपी बघतो मला. बघतोस ना रे?"

शिंपीदादांनी मान हलवली. ते स्वतः त्या वेळी दुकान झाडत असतात, हे मापसाहेब वरून बघतात. दोघंही एकमेकांचे साक्षीदार निघाले. मापसाहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं, चष्मा पुसला आणि सात नोंदींवरून एकेक बोट फिरवलं. खात्यात असताना ते दुकानांच्या वह्या अशाच तपासत असावेत.

"सगळी आवक संध्याकाळची. म्हणजे पहाटे पट्टा बाहेर नव्हताच. कुठे होता?"

"घरी. माझ्या उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी चार्जिंगला असतो."

"आणि घरी कोण असतं?"

"घरी कोणी नाही," मी म्हणालो. "म्हणजे, बायको असते."

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा ती चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने ते टेबलावर ठेवले, एक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मी घालायचे."

मापसाहेबांनी रजिस्टर हळूच मिटलं.

"तुम्ही त्या पिवळ्या तोंडाला उलट उत्तरं द्यायला लागला होतात," ती म्हणाली. "म्हटलं, मी चालतेच आहे रोज, तर तुमच्या नावावर चालते. परत आले की जागच्या जागी ठेवायचे. तुम्ही आंघोळीनंतर बांधायचात. हिरवा झाला की दिवसभर किती छान बोलायचात."

मनाच्या निर्धाराविषयी मी जे काही बोललो होतो ते सगळं मला एकदम आठवलं. मापसाहेबांनाही आठवलं असावं, पण ते भले माणूस आहेत, त्यांनी चहाकडे पाहिलं.

"चालताना तुला काही होतं का?" मी विचारलं.

"होतं कधीकधी. छातीत फडफड होते. पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यावर बसते पाच मिनिटं, मग जातं."

"किती दिवस?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं संशोधन चालू होतं," ती म्हणाली. "त्यात माझं कुठे मध्येच काढायचं."

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. पट्टा सात वेळा बाहेर गेल्याची नोंद मिनिटासकट माझ्याकडे होती, आणि जो पट्टा रोज पहाटे माझ्या उशाशेजारून जाऊन परत येत होता त्याची एक ओळही नव्हती. घरातल्या घरात वस्तू फिरली तर जावक पडत नाही, असा आमच्या विभागाचा नियम होता. तो मी घरी येऊन पाळला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही इस्पितळात गेलो आणि इथे त्या खिडकीवाल्या गृहस्थांचा प्रवेश होतो. लिफ्ट दुरुस्तीला उघडून ठेवली होती. आम्ही सावकाश जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, संशोधन कक्षाच्या खिडकीशी पोचलो. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"या सहभागी आहेत का?"

"सहभागी मी आहे. पण ठोके हिचे आहेत."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ज्या सहभागी नाहीत त्या रुग्ण. रुग्णांची नोंद तळमजल्यावर. खिडकी चार."

खिडकी चारवर सांगितलं की संशोधनातून आलेल्या रुग्णाला संशोधन कक्षाची चिठ्ठी लागते. मी म्हणालो, "तू बस इथे, मी जाऊन आणतो." वर गेलो तर गृहस्थ म्हणाले, "चिठ्ठीवर त्यांची सही माझ्यासमोर हवी." मी भांडलो नाही. भांडावंसं वाटलं, पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, अगदी याच आवाजात. खाली येऊन तिला दुसऱ्यांदा वर नेलं. सही झाली. चिठ्ठी घेऊन खाली, खिडकी चार. तिथे नंबर मिळाला, आणि नंबर मिळालेल्या रुग्णाचा अर्ज भरतात कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर. एव्हाना ती प्रत्येक वळणावर थांबत होती आणि मी या वेळी तिच्या मागे होतो.

गृहस्थांनी अर्ज काढला. नाव, वय, पत्ता. मी भराभर सांगत होतो.

"मुख्य तक्रार?"

"काही नाही, असं लिहा," बायको धापा टाकत म्हणाली.

"'काही नाही' असं लिहिता येत नाही. हा रकाना मोकळा ठेवत नाहीत."

"हिला छातीत..." मी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा," गृहस्थ म्हणाले. "तक्रार त्यांची आहे ना? त्यांना सांगू दे. बोला बाई. सावकाश. मला घाई नाही."

ते पेन टेकवून थांबले. मागे रांग होती, तरी थांबले. आणि माझ्या बायकोने खिडकीच्या कठड्यावर हात टेकून सांगायला सुरुवात केली. चालताना छातीत फडफड होते. जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येते. दुपारी इतका थकवा येतो की भांडी तशीच ठेवून बसावं लागतं. एकदा टाकीजवळ पडता पडता वाचले. कधी कधी वाटतं की आपल्याला काही झालं, तर यांना गोळीची वेळ कोण सांगेल. गृहस्थ सगळं लिहून घेत होते. रकाना संपला तसं त्यांनी समासात लिहिलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि हिची तक्रार मी एका परक्या माणसाच्या खिडकीबाहेर उभा राहून प्रथमच पुरती ऐकली.

शेवटची सही करताना ती खाली बसली. सरळ जमिनीवरच. गृहस्थांनी खिडकीतून आत हाक मारली, डॉक्टरीणबाई धावत आल्या, आणि अर्ज तसाच टाकून तिला शेजारच्या खोलीत नेलं, तारा लावल्या. यंत्रातून कागद येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी तो माझ्यापुढे धरला. रेषांमधली अंतरं कुठे लांब, कुठे आखूड. कुणालाही कळेल असं वेडंवाकडं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "काका, हे येऊन जाऊन असतं. लिफ्टने येऊन आरामात बसला असतात तर कागद कदाचित सरळ आला असता आणि मी म्हटलं असतं, आठवड्याने दाखवा."

ती पाच दिवस इस्पितळात होती. गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ठोके ओळीत आले. मी कॉटशेजारी बसून होतो आणि तिच्याकडे पाहून मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ती म्हणाली, "अहो, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत.

संशोधनातून मला काढून टाकलं. माझे एकशे बारा दिवस बाद झाले. रीतसर पत्र आलं, 'सहभागीकडून कलम नऊचा भंग'. माझ्या सेवेतला पहिला प्रतिकूल शेरा. डॉक्टरीणबाई मात्र हसून म्हणाल्या, "तसंही काका, एकशे बारा दिवस दहापैकी दहा. एवढा सुखी माणूस दुसरा एकही नाही आमच्याकडे. मला शंका यायला हवी होती." आता सहभागी बायको आहे. पट्टा तिच्या स्वतःच्या नावावर आहे. तिच्या अर्जात माझी नोंद 'काळजी घेणारा नातेवाईक' अशी आहे, आणि ती अजून खरी व्हायची आहे, असं मापसाहेबांचं मत आहे. रजिस्टर डॉक्टरीणबाईंनी मागून घेतलं आणि सगळ्या विभागाला दाखवलं. छायाप्रत ठेवून मूळ परत केलं, पोचपावतीसह.

म्हणून हे आभार. डॉक्टरीणबाईंचे, त्यांनी कागद दोन आहेत हे पाहिलं म्हणून. मापसाहेबांचे, त्यांनी घरी कोण असतं हे विचारलं म्हणून. शिंपीदादांचे, तिचे सगळे ब्लाउज दोन बोटं सैल करून दिले म्हणून. लिफ्ट उघडून ठेवणाऱ्या, मी कधीही न पाहिलेल्या त्या दुरुस्तीवाल्याचे. आणि खिडकीतल्या त्या गृहस्थांचे, त्यांनी रकाना मोकळा राहू दिला नाही म्हणून. मी त्यांना भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, भेटीची नोंद खाली करून या. मी आनंदाने जिना उतरून करून आलो.

राहिली एक व्यक्ती. तिचे आभार मानायला मी इस्पितळातून आलो त्या दिवशी दोनदा घसा साफ केला, पण बेचाळीस जणांपुढे न अडलेली जीभ तिच्यापुढे अडली. मग मी वेगळी व्यवस्था केली. सकाळी पावणेसहाला उठतो. आम्ही टाकीपर्यंत जातो, कठड्यावर बसतो. तिथे मोबाईलने विचारायच्या आत मी विचारतो, "आज कसं वाटतंय? एक ते दहा."

ती जरा विचार करते आणि म्हणते, "सात."

घरी येऊन मी ते त्याच वहीत लिहितो. रोज सात. ठोके सरळ आहेत, अंधारी येत नाही, डॉक्टरीणबाई खूश आहेत, तरी सात. दीड महिना झाल्यावर परवा मी जरा रुसूनच विचारलं, "आठ नाही, नऊ नाही. दहा तर कधीच नाही. काय कमी पडतंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "दहा म्हटलं तर उद्यापासून विचारणार नाही तुम्ही."

घरी येऊन मी सात लिहिले. मग खालच्या ओळीत, आयुष्यात पहिल्यांदा, उद्याची तारीख आजच टाकून ठेवली.